तारीखताईचा अर्ज

कोर्टात तिला सगळे तारीखताई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण नाव खोटं नव्हतं. ती एका मोठ्या वकीलसाहेबांच्या हाताखाली काम करायची. साहेब एकाच वेळी तीन कोर्टांत हवे असायचे आणि देवाने देह त्यांनाही एकच दिलेला. मग ज्या कोर्टात साहेब नाहीत तिथे पुकारा झाला की ही उठायची, कोट सारखा करायची आणि म्हणायची, "आमचे साहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेत. पुढची तारीख मिळावी." समोरचा वकील म्हणायचा, "हरकत नाही." तो तरी कशाला हरकत घेईल? उद्या त्यालाही तारीख लागणारच होती.

तारीख मागणं हीसुद्धा एक कला आहे. काही ज्युनिअर आपल्या साहेबांना ताप आणत, काही त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर करत, एकाने तर आपल्या साहेबांच्या सासूला दोनदा मारलं होतं. हिने खोटा ताप कधी कुणाला आणला नाही. सकाळी देवापुढे हात जोडून घराबाहेर पडायचं आणि तासाभरात न्यायाधीशांपुढे खोटं बोलायचं, हे तिला जमणारं नव्हतं. साहेब अडकलेत म्हणजे खरोखर अडकलेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिला तारीख सहसा नाकारली जात नसे.

बारा वर्षं अशी गेली. या बारा वर्षांत एकाही खटल्यात तिने स्वतः उभं राहून युक्तिवाद केला नव्हता.

तिचं दुसरं काम मात्र कोर्टात कुणाला माहीत नव्हतं. साहेबांची सगळी पत्रं ती लिहायची. साहेब बोलायला उभे राहिले की शेजारच्या कोर्टातले वकील ऐकायला येऊन बसत. पण कोरा कागद समोर ठेवला की त्याच साहेबांच्या तोंडचं पाणी पळायचं. "तू लिही गं, मी सही करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोटिसा, उत्तरं, आभाराची पत्रं, निरोपसमारंभाची भाषणं. साहेबांचे थोरले भाऊ गेले तेव्हा वहिनींना गेलेलं पत्रसुद्धा हिच्याच हातचं होतं. वहिनींनी ते कपाटात जपून ठेवलंय, असं साहेबच कौतुकाने सांगायचे. आपण ते लिहिलं नव्हतं हे बहुधा त्यांच्या लक्षातही नसायचं.

तिच्या डोक्यात अमेरिका शिरली ती साहेबांच्या पक्षकार असलेल्या एका मावशींमुळे.

मावशींचा मुलगा तिकडच्या एका कंपनीच्या गोदामात कामाला गेला होता. कंपनीचं भरतीचं ऑफिस इथे कोर्टापासून तीन गल्ल्या सोडून होतं. तिथल्याच टेबलावर त्याने करारावर सही केली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मालाची एक उंच मांडणी त्याच्या अंगावर कोसळली. मुलगा गेला. कंपनीने त्याचं सामान आणि कागदांचा एक गठ्ठा मावशींकडे पाठवून दिला. साहेबांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यावर कंपनीने अर्ज केला की करारात तिकडच्या राज्याचा कायदा लिहिलेला आहे, तेव्हा हा दावा इथे चालूच शकत नाही, बंद करून टाका. कंपनीचे वकील होते पेन्सिलकाका. कानामागे कायम पेन्सिल, म्हणून ते नाव.

तिने तो गठ्ठा घरी नेऊन वाचला. अर्धा कळला. उरलेला अर्धा पुन्हा वाचला, तरी कळेना. एवढी कायदा शिकलेली आपण, आणि एका आईला तिच्या मुलाच्या कागदात काय लिहिलंय ते पुरतं सांगता येत नाही, हे तिला फार लागलं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "तिकडचा कायदा तिकडे. आपण तारखा घेत राहायच्या. कधीतरी कंपनीच कंटाळेल."

कंपनी कशाला कंटाळते? कंटाळायला ती काही कोर्टात खेपा घालणारी आई थोडीच होती.

बाहेरच्या देशात कायद्याची पदवी घेतलेल्यांना अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये वर्षभराचा एक अभ्यासक्रम करता येतो, हे तिने शोधून काढलं आणि आठवडाभर मनातच ठेवलं. मग एका रविवारी जेवताना सांगून टाकलं. घरात माणसं तीन. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. सासूबाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, त्यामुळे आता बोलायची वेळ आली की त्या कुणाला ऐकत नसत.

"किती दिवसांचं आहे म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"वर्षाचं, आई. मिळालं तर."

"आणि इथली पदवी चालते त्यांना?"

"आधी तपासून घेतात."

"घेऊ देत. तू माझ्या मुलाला कुठे तपासून घेतलं होतंस? तरी चाललंय ना बरं."

"आई, मी इथेच बसलोय," नवरा म्हणाला.

"म्हणून तर बोलले. माघारी बोलायची मला सवय नाही."

नवऱ्याने पुढ्यातली आमटी संपवली. मग म्हणाला, "आधी घेतात का ते बघू. पुढचं बँकेला विचारू, देवाला विचारू."

झालं. एवढ्यावर अर्जाला सुरुवात झाली.

पदवी हातात असणं वेगळं आणि ती दुसऱ्याला पटवणं वेगळं, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. गुणपत्रकं तिने पाठवून चालणार नव्हतं. विद्यापीठाने स्वतः लिफाफ्यात घालून, जिथे चिकटवलंय तिथे शिक्का मारून थेट तिकडे धाडायची. विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, "तुमचीच गुणपत्रकं आणि तुमच्याच हातात द्यायची नाहीत? असं कसं?" त्यांना ते पटवण्यात तीन खेपा गेल्या. मग गुणांचं घोडं अडलं. तिच्या वेळी कायद्यात साठ टक्के म्हणजे घरच्यांनी चारचौघांत सांगायचे गुण. तिकडे साठ म्हणजे जेमतेम काठावर. तेव्हा गुणांचा हिशेब तिकडच्या पद्धतीने मांडून देणारी एक संस्था असते, तिच्याकडे सगळे कागद गेले. शिवाय इंग्रजीची परीक्षा. ती तिने शाळकरी मुलांच्या मध्ये बसून दिली. नातेवाइकांत सांगू नका असं घरी बजावलं होतं, पण दुकानात चष्म्याला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नवऱ्याने ते सांगितलं.

मग तिकडच्या लॉ स्कूलनी मागितलं की स्वतःविषयी दोन पानं लिहा. आपण कोण, इथवर कशा आलात, पुढे काय करायचंय.

तिला वाटलं, हे तर सोपं. बारा वर्षं लिहिण्यातच गेलीत. एका बैठकीत लिहून तिने नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. एक : सदर अर्जदार ही वरील पत्त्यावर कायम राहणारी असून सज्ञान आहे. दोन : अर्जदाराने नमूद केलेल्या वर्षी पदवी संपादन केली. तीन : अर्जदाराविरुद्ध कोणत्याही न्यायालयात कोणताही खटला प्रलंबित नाही.

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. "अगं, त्यांनी तुला पकडून नेलंय का?"

"प्रतिज्ञापत्र झालंय," नवरा म्हणाला. "यात तू कुठे आहेस?"

"अर्जदार म्हणजे मीच ना."

"मग मी म्हण की."

हेच तिला जमेना. दुसऱ्याच्या नावाने ती पानंच्या पानं लिहू शकायची, साहेबांच्या नावाने तर साहेबांपेक्षा बरी. पण 'मी' लिहिलं की पेन थांबायचं. पाच वेळा लिहून खोडलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मला फोनवर सांगतेयस असं समज. मी बसते तिकडे पाठ करून. सांग, कुणाचा फोन, काय काम." आणि खरंच त्या खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. तिने मावशींचं सांगितलं. अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही, ते सांगितलं. तारीखताई हे नाव कसं पडलं ते सांगितलं. तेच मग कागदावर उतरलं आणि तेच तिकडे गेलं.

राहिली शिफारसपत्रं. दोन हवी होती. एक कॉलेजातल्या जुन्या सरांनी दिलं. दुसरं जिच्याकडे काम केलं त्या व्यक्तीचं, म्हणजे साहेबांचं. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. ज्याला शिफारस हवी त्यानेच ती लिहायची, मोठ्या माणसाने खाली सही करायची. दोघांचाही वेळ वाचतो आणि शिफारस चांगली होते. पण तिकडच्या अर्जात स्पष्ट लिहिलं होतं की हे पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतः लिहावं, आणि अर्जदार ते बघण्याचा हक्क सोडत असेल तर इथे खूण करावी. तिने खूण केली. करून टाकल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो ते.

"तू लिही गं, मी सही करतो," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. या वेळी तुम्ही स्वतः लिहायचंय. मी बघायचंही नाही."

"तिकडून कोण बघायला येतंय?"

"कुणी नाही येणार. पण मी खूण केलीय तशी."

"मग खूण पूस."

"पुसता येते, साहेब. पण मग खरं काय ते राहत नाही."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना विहिरीत उतरायला सांगितलंय. मग हसले. "बरं बरं. शनिवारी लिहितो."

शनिवार गेला. सोमवारी मोठा निकाल होता, मंगळवारी साहेबांची दाढ दुखत होती. पुढच्या शनिवारी ते म्हणाले, "अक्षरं जरा फिरतात गं हल्ली, चष्म्याचं बघायला हवं." ती त्यांना नवऱ्याच्या दुकानात घेऊन गेली. नवऱ्याने बिचाऱ्याने नीट तपासलं आणि भाबडेपणाने सांगून टाकलं, "नंबर तोच आहे, साहेब. चष्म्यात काही दोष नाही."

दिवस जात राहिले. साहेब वाईट माणूस नव्हते आणि पत्र द्यायचं नाही असंही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना ते येत नव्हतं, एवढंच. आणि आजवर असं काही अडलं की जिला हाक मारायची, तीच समोर हात बांधून उभी होती. ज्यांच्यासाठी बारा वर्षं तारखा मागितल्या, ते आता तिला तारखा देत होते.

मुदत संपत आली तेव्हा तिने सवयीने एक मेल तिकडे टाकला. अपरिहार्य कारणास्तव मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं गोड उत्तर आलं. मुदत सगळ्यांना सारखीच आहे, तुमच्या अर्जाची वाट पाहतो. समोर 'हरकत नाही' म्हणणारं कुणीच नव्हतं.

दहा दिवस उरले असताना मावशींच्या खटल्याची तारीख आली. साहेब निघता निघता म्हणाले, "पुढची घेऊन टाक. आणि ऐक, तुझं पत्र या शनिवारी नक्की. आता शब्द दिला."

मावशी बाकावर बसलेल्या होत्या. त्यांनी दर वेळी यायची गरज नाही, असं तिने पूर्वी सांगून पाहिलं होतं. "माझ्या नावाचा पुकारा होणार आणि मी नाही, बरं दिसतं का ते?" असं त्या म्हणायच्या आणि यायच्या. आज त्यांनी तिला बघून पिशवी मांडीवर घेतली, शेजारी जागा केली.

"आज तरी बोलणार का हो कुणी, ताई?"

एरवी तिने म्हटलं असतं, बघू, पुढच्या वेळी. आज ते शब्द तोंडातून निघेनात. गेले दोन महिने रोज सकाळी ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती, आज तरी लिहिलं असेल का म्हणून. वाट बघणाऱ्याला 'पुढच्या वेळी' कसं ऐकू येतं, हे तिला आता नव्याने कळलं होतं.

पुकारा झाला. तिने तोंड उघडायच्या आधीच पेन्सिलकाका अर्धवट उठून म्हणाले, "हरकत नाही." न्यायाधीशबाईंनी डायरी पुढे ओढली. "बोला, पुढची कोणती देऊ?"

"तारीख नको," ती म्हणाली.

कारकुनाने मान वर केली.

"म्हणजे?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"बोलायचंय. अर्जावर."

"कोण बोलणार?"

"मी. वकीलपत्रावर माझंही नाव आहे."

"तुमच्या साहेबांनी सांगितलंय?"

"नाही."

तेव्हा पेन्सिलकाका पुरते उभे राहिले. "बाई, माझी आज तयारी नाही. मला तारीख मिळावी."

न्यायाधीशबाईंनी हिच्याकडे पाहिलं. "तुमची हरकत?"

"आहे," ती म्हणाली.

त्या कोर्टात हा शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. न्यायाधीशबाईंनी डायरी मिटली. काकांना म्हणाल्या, "अर्ज तुमचाच आहे. आजच होऊन जाऊ दे." आणि हिला म्हणाल्या, "करा सुरुवात."

सुरुवात तिने "आमचे साहेब दुसऱ्या कोर्टात..." अशीच केली. जिभेचं वळण ते. सगळं कोर्ट हसलं, मावशी सोडून. तिचे कान तापले. तिने फाईल टेबलावर ठेवली, पदराचा नसलेला कोपरा उगाच चाचपला आणि पुन्हा बोलायला लागली. करार कुठे झाला ते सांगितलं. भरतीचं ऑफिस, तिथलं टेबल, साक्षीदार, कंपनीची पाटी, सगळं इथलं. अडखळली, एक तारीख चुकून दुसरीच सांगितली, ती दुरुस्त केली. मग म्हणाली, "त्या राज्याचा कायदा या करारावर काय म्हणतो, ते मला पुरतं माहीत नाही. अर्धंच माहीत आहे. पण तो आपल्याला माहीत नाही म्हणून या बाईंना दार बंद करता येणार नाही. तो कायदा इथे आणून, साक्षीपुराव्याने दाखवावा लागेल. कंपनीनेही दाखवावा, आम्हीही दाखवू."

पेन्सिलकाका त्यांच्या बाजूने चांगलं बोलले. तयारी नाही म्हणाले तरी जुनं खोड होतं ते. जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय आला. कंपनीचा अर्ज नामंजूर. दावा इथेच चालेल. तिकडचा कायदा पुराव्याने सिद्ध करावा. खटला काही जिंकला नव्हता. सुरू झाला होता, इतकंच. मावशींनी तिचा हात धरला आणि विचारलं, "म्हणजे आता पुढच्या वेळीही बोलायचं?"

"पुढच्या वेळीही बोलायचं, मावशी."

बातमी तिच्या आधी ऑफिसात पोचली होती. साहेब कोट न काढता उभे होते.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, साहेब."

"आणि हरली असतीस तर?"

"तर नाव तुमचं गेलं असतं. ते खरं आहे."

तिने काहीतरी सबब सांगितली असती तर साहेबांना ओरडता आलं असतं. तसं झालं नाही, त्यामुळे ते जास्तच चिडले. "त्या पत्राचं आता माझ्यापाशी काढू नकोस," म्हणाले आणि आत जाऊन बसले.

घरी तिने सगळं सांगितलं. नवऱ्याने विचारलं, "दुसऱ्या कुणाचं नाही चालणार?" पण काम तिने दुसऱ्या कुणाकडे केलंच नव्हतं. सासूबाईंनी तिच्या ताटात स्वतःच्या ताटातली भाजी वाढली फक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवापुढे उभी राहिली तेव्हा पत्राचं काही मागितलं नाही. जे केलं ते खरं होतं ना, एवढंच विचारलं. आणि कामावर गेली.

तीन दिवस साहेब तिच्याशी कामापुरतं बोलले. चौथ्या दिवशी आतून हाक आली.

"दार लोटून घे. त्या दिवशी काय काय बोललीस तू?"

ती सांगायला लागणार इतक्यात तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. साहेबांपुढे कोरा कागद होता. ती थांबली.

"कशासाठी विचारताय, साहेब?"

"तुला काय करायचंय? मी विचारतोय, तू सांग."

"पत्रासाठी असेल तर मला सांगता येणार नाही. मी सांगितलं म्हणजे मीच लिहिल्यासारखं झालं."

"अगं पण मी तुला बोलताना ऐकलंय कुठे? बारा वर्षांत तू काय बोललीस माझ्यासमोर? 'हो साहेब' आणि 'सही करा साहेब'. यावर पत्र लिहू?"

"पेन्सिलकाकांना विचारा."

"त्याला? विरुद्ध बाजूच्या वकिलाकडे जाऊन विचारू, की बाबा माझी ज्युनिअर काय बोलली?"

"ते होते तिथे, साहेब. तुम्ही नव्हतात."

टोचून बोलायचा तिचा हेतू नव्हता. पण शब्द बाहेर पडले ते पडले. साहेब खिडकीकडे बघत राहिले आणि ती हळूच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाईल घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यातून चालली होती. टोकाच्या बाकावर साहेब आणि पेन्सिलकाका बसलेले. वीस वर्षांत या दोघांनी एकमेकांना चहा पाजल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आज मध्ये दोन कप होते. मग काका उठले. कोट सारखा केला, हातातली फाईल बाकावर ठेवली आणि कमरेपाशी काहीतरी चाचपलं. ती आपली नक्कल आहे, हे कळायला तिला एक क्षण लागला. साहेब खो-खो हसले आणि मग एकदम गंभीर होऊन पुढे वाकून ऐकायला लागले. ती आल्या पावली मागे फिरली आणि लांबच्या जिन्याने गेली.

शनिवारी साहेबांनी दार आतून लावून घेतलं. भेटायला आलेल्या पक्षकारांना कारकून दबक्या आवाजात सांगत होता, "साहेब लिहितायत." जसं काही आत शस्त्रक्रिया चालली होती. संध्याकाळी केराची टोपली चुरगळलेल्या कागदांनी उतू जात होती. रोज ती टोपली तीच रिकामी करायची. त्या दिवशी तिने वर एक जुनं वर्तमानपत्र टाकलं आणि टोपली तशीच राहू दिली. बघायचं नाही म्हणजे नाही.

सोमवारी सकाळी मेल आला. आपले दुसरे शिफारसपत्र मिळाले आहे. आपला अर्ज पूर्ण झाला आहे.

ती सांगायला आत गेली, तर साहेबच म्हणाले, "माहितीय. कारकुनाने पाठवलं. आता पुन्हा मला लिहायला सांगू नकोस." मग चष्मा पुसत पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "अवघड असतं गं ते. तू रोज कशी करतेस?"

त्याच आठवड्यात पेन्सिलकाकांनी तिला जिन्यात गाठलं. "पोरी, त्याने काय लिहिलंय सांगू का? पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं."

"नको काका. मी बघणार नाही असं कबूल केलंय."

"बघणार नाही असं केलंयस. ऐकणार नाही असं कुठे केलंयस?"

मुद्दा बिनतोड होता. ती जिन्यात उभी राहून हसली आणि क्षणभर मोहातही पडली. मग म्हणाली, "हरकत आहे, काका."

"हरकत काय, नवीन शिकलीयस तर सारखीच घेत सुटशील," असं पुटपुटत काका वर गेले.

तीन ठिकाणी अर्ज केला होता. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने घेतलं, आणि बऱ्यापैकी शिष्यवृत्तीही दिली. उत्तरात कुणीतरी स्वतःच्या शब्दांत एक ओळ जोडली होती की, तुमच्या उरलेल्या अर्ध्याची आम्हालाही उत्सुकता आहे. ती ओळ तिने घरी दोनदा वाचून दाखवली. मावशींच्या खटल्यात आता साहेब स्वतः उभे राहणार होते. तिने त्यांना सगळं तोंडी समजावून सांगितलं आणि ते त्यांनी आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतः लिहून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग उघडी पडलेली. सासूबाई घड्या घालत होत्या आणि तोंडाने हिशेब मांडत होत्या, काय राहिलं, काय नको. मध्येच थांबून म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, वर्षभराची तारीख पडलीय असं धरून चालतो आम्ही. त्यापुढे एक दिवस मिळायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते."

नवरा तिच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करत बसला होता. तिथे कोण करून देणार म्हणून दोन्ही बाजूंचे त्याने बदलूनच टाकले होते. त्याने चष्मा उजेडात धरून पाहिला, काच पुसली आणि तिच्या हातात दिला.

"हरकत नाही," तो म्हणाला.